बोरसे सरांची हलती खुर्ची

कुंदनराव बोरसे यांनी घरातली सोफ्याची खुर्ची फोडली ती रागाच्या भरात नव्हे, मुलीच्या एम.ए.साठी. एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण धुळ्याच्या देवपूर भागातल्या त्यांच्या कॉलनीत या प्रकरणाच्या पुढे इतक्या आवृत्त्या निघाल्या, की एका आवृत्तीत तर सोफ्यात काहीतरी लपवलेलं होतं.

मुलगी मेघा जळगावला मानसशास्त्र शिकत होती. तिच्या प्रबंधाचं नाव होतं ‘आसनाच्या हालचालींचा चित्रपट-प्रेक्षकांच्या भावनांवर होणारा परिणाम : एक अभ्यास’. म्हणजे सिनेमा बघताना खुर्चीच हलायला लागली तर माणूस जास्त घाबरतो का, जास्त रडतो का, आणि हसायचं तिथे जास्त हसतो का. कुंदनराव आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं फिटर ट्रेडचे निदेशक. मानसशास्त्राशी त्यांचा संबंध उशिरा येणाऱ्या मुलांची कारणं ऐकण्यापुरता. पण प्रबंधाचं नाव त्यांनी पाठ केलं होतं आणि दुधवाल्यालासुद्धा ते ‘एक अभ्यास’सकट सांगत.

हलत्या खुर्च्यांचं थिएटर जवळपास नव्हतं. मेघाने दूरच्या एका मोठ्या शहरातल्या मॅनेजरकडून फोनवर परवानगी मिळवली आणि पाहणीसाठी वडिलांना सोबत नेलं. कुंदनराव तिथे तीन तास बसले. पडद्यावर गाडी खड्ड्यात गेली की खुर्ची आदळे, हिरोच्या पाठीत गुद्दा बसला की यांच्याही पाठीत बसे, समुद्र आला की चष्म्यावर पाणी उडे. हिरो पुलावरून लोंबकळत असताना खुर्ची एकदम पुढे कलली आणि कुंदनरावांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाचं मनगट धरलं. ते बराच वेळ सोडलं नाही.

बाहेर आल्यावर मेघाने विचारलं, “पप्पा, काय वाटलं?”

“वाटायचं काय त्यात? चार ठिकाणांहून ढकलतंय आणि एका ठिकाणी पिचकारी आहे. साधी यंत्रणा आहे.”

मेघाच्या तक्त्यात प्रत्येक भावनेपुढे एक ते सात आकडे होते आणि आपल्याला लागू पडेल त्याला गोल करायचा होता. कुंदनरावांनी भीतीपुढच्या एकाला गोल केला. तो गोल तसा गोल आला नाही.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरचा फोन आला की वरून नकार आलाय. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. जळगावच्या एका शाळेत समुपदेशकाची जागा मेघासाठी जवळजवळ ठरली होती, पण निकाल जूनच्या आत हातात असला तरच. मेघा दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कुंदनराव ताटावरून उठले, सोफ्यापाशी गेले आणि खाली वाकून त्याच्या पायांकडे बघत म्हणाले, “खुर्ची मी करतो.”

कोकिळाबाई, म्हणजे मेघाची आई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तो सोफा माझ्या भावांनी बोदवडहून टेम्पोत घालून आणलाय.”

“सगळा घेत नाहीये. एकच खुर्ची घेतोय.”

“मग तुमची घ्या.”

कुंदनरावांनी स्वतःची खुर्ची घेतली. परिणामी पुढचे दोन महिने त्या घराचा कर्ता पुरुष प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पेपर वाचत होता. आल्यागेल्याला याचं कारण सांगावं लागे, आणि कारण सांगताना प्रबंधाचं नाव येई.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे जुने विद्यार्थी होते. तिथल्या भंगारातून ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी, एक बारकी मोटर आणि चार जाड स्प्रिंगा मिळाल्या. बाकीचं त्यांनी स्वतः घासून, ठोकून बसवलं. महिनाभरात खुर्चीला चार हालचाली आल्या : झोका, थरथर, कल आणि धक्का. प्रत्येकीला एक बटण. बसणाऱ्याला हालचाल कधी येणार हे कळता कामा नये, अशी मेघाच्या मार्गदर्शक डॉ. दीपमाला बैसाणे यांची अट होती. म्हणून बटणांची पाटी स्वयंपाकघराच्या दारात पडद्याआड ठेवायची, आणि पडद्याच्या फटीतून टीव्हीकडे बघत कुंदनरावांनी बटणं दाबायची असं ठरलं.

खुर्ची पहिल्यांदा हलली त्या संध्याकाळी शेजारचे रतिलालभाऊ बघायला आले. ते निवृत्त तलाठी. त्यांनी खुर्चीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “परवानगी काढली का?”

“घरातली खुर्ची आहे, भाऊ.”

“घर तुमचं, खुर्ची तुमची. माणसं बाहेरची बसणार. उद्या कोणी पडलं तर पंचनामा कोणाच्या नावाने करायचा?”

कुंदनराव हसले. पण मेघाने हे ऐकलं आणि प्रामाणिकपणे आपल्या प्रस्तावात लिहिलं. त्यावर विद्यापीठाच्या समितीचं पत्र आलं की आसन सुरक्षित असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

आता खुर्चीच्या बाबतीत सक्षम अधिकारी कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं. कुंदनराव रजा टाकून निघाले. पहिल्या कार्यालयात त्यांनी ‘विजेवर हलणाऱ्या खुर्चीच्या तपासणीबाबत’ असा व्यवस्थित विषय घालून अर्ज दिला. आवक नोंदवहीत जागा कमी होती. लिपिकाने तिथे ‘विजेची खुर्ची’ एवढंच लिहिलं. थोड्या वेळाने साहेबांनी कुंदनरावांना आत बोलावलं, दार लोटून घेतलं, पाणी दिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “घरी काही त्रास आहे का?”

दुसऱ्या कार्यालयात प्रश्न सरळ होते.

“चालते का?”

“हलते.”

“जागा सोडते का?”

“नाही.”

“मग आमच्याकडे येत नाही.”

तिसऱ्या ठिकाणच्या बाई मात्र मदतीला तत्पर होत्या. त्यांनी कपाटातून जत्रेतल्या पाळण्यांसाठीचा फॉर्म काढून दिला. कुंदनरावांनी ‘जत्रेचे नाव’ यापुढे ‘लागू नाही’ आणि ‘एका वेळी बसणाऱ्यांची संख्या’ यापुढे ‘एक’ असं लिहिलं. बाईंनी तो वाचून परत दिला. देवस्थानाचं ना-हरकत पत्र राहिलं होतं. अखेर आयटीआयच्या प्राचार्यांनी खुर्चीत स्वतः पाच मिनिटं बसून, शिक्क्यासह लिहून दिलं की ‘सदर वस्तू ही खुर्ची असून तीत बसता येते, असे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले.’ समितीला ते पुरलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा एवढाच उपयोग झाला, असं कुंदनराव त्या रात्री जेवताना म्हणाले, आणि कोकिळाबाईंनी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

प्रयोग सुरू झाला. मेघाने तीन छोट्या फिती निवडल्या होत्या. पहिलीत गाड्यांचा पाठलाग, दुसरीत फलाटावर मुलाला निरोप देणारी आई, तिसरीत एका गावच्या न्हाव्याची गंमत. पाठलागाला धक्का आणि कल, निरोपाला झोका, गमतीला हलकी थरथर.

पहिला मान रतिलालभाऊंना. पाठलाग ठीक झाला. मग फलाटावरच्या आईने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुंदनरावांच्या बोटाखाली झोक्याऐवजी धक्का आला. रतिलालभाऊ मांडीवरच्या तक्त्यासकट हातभर पुढे जाऊन परत आले आणि खो-खो हसत सुटले. गाडी सुटली, आई फलाटावर एकटी उरली, तरी त्यांचं हसू थांबेना. निरोपाच्या प्रसंगापुढे त्यांनी ‘आनंद : सहा’ असं लिहून दिलं.

बटणांची जागा बदलली. तरी पुढच्या चौघांना निरोपात झोका मिळालाच नाही. कारण नेमक्या त्या वेळी कुंदनराव सिनेमा बघत बसलेले असत.

“पप्पा, तुम्ही सिनेमा बघायचा नाही, फक्त वेळ बघायची,” मेघा म्हणाली.

“त्या बाईने पदर तोंडाला लावल्यावर घड्याळाकडे कोण बघेल?” कुंदनराव म्हणाले. मेघाने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. यात टिपून घेण्यासारखं काय होतं, हे त्यांना कळलं नाही.

त्यानंतर हात बसला. पाठलागात लोक खुर्चीचे हात घट्ट धरू लागले, निरोपात नाक ओढू लागले. भीती साध्या खुर्चीपेक्षा दोन आकड्यांनी वर जात होती, दुःख एका आकड्याने. मेघाच्या चेहऱ्यावर रंग आला. आणि मग चौथ्या गल्लीतल्या द्रौपदाबाई अक्का आल्या.

अक्कांनी दोन फिती मुकाट बघितल्या. तिसरीत थरथर सुरू झाली आणि त्यांनी डोळे मिटले. फीत संपली तरी उठेनात. म्हणाल्या, “माय, सिनेमा बंद कर. खुर्ची चालू ऱ्हाऊ दे. मना गुडघाले बरं वाटी ऱ्हायनं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी सहा बायका होत्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी पाच. एकीने तर पिंपळनेरहून बहिणीला बोलावून घेतलं होतं. सिनेमा बघायची कोणाची हरकत नव्हती, पण आग्रहही नव्हता. ‘तुम्हाला काय वाटले?’ या प्रश्नापुढे ओळीने ‘गुडघा’, ‘गुडघा’, ‘कंबर’, ‘दोन्ही गुडघे’ अशी उत्तरं येत गेली. कोकिळाबाई चहा करून थकल्या.

मेघाने ते तक्ते पुढ्यात ठेवून विचारलं, “या मी कोणत्या भावनेत घालू?”

“समाधान नाही का तुझ्या यादीत?”

“सिनेमाचं समाधान आहे, पप्पा. गुडघ्याचं नाही.”

एका रविवारी दीपमाला मॅडम जळगावहून प्रयोग बघायला आल्या. शांत, मोजकं बोलणाऱ्या बाई. कुंदनरावांनी आदल्या दिवशी खुर्चीला नवं कव्हर घातलं, पण नट आवळायचे राहिले, आणि अकरा-बारा जणींच्या गुडघ्यांनी धक्क्याचा नट सैल झालेला होता. मॅडम बसल्या. पाठलागात पहिला धक्का बसला आणि मग थांबलाच नाही. कुंदनराव बटण दाबत होते, सोडत होते, उपटत होते. खुर्ची मॅडमना एकसारखी पुढे-मागे नेत होती. पडद्यावर आता ती आई मुलाला निरोप देत होती आणि मॅडम तिला प्रत्येक सेकंदाला एकदा मान लववत होत्या.

“मेन बंद करा,” असं म्हणत रतिलालभाऊ बाहेर धावले. बाहेरच्या भिंतीवर चार घरांचे मीटर ओळीने होते. त्यांनी आधी स्वतःच्या घराची वीज घालवली, मग पलीकडच्यांची, मग बोरशांची.

खुर्ची थांबली. मॅडमनी चष्मा सारखा केला, पेन मागितलं आणि भीतीपुढच्या साताला गोल केला.

कुंदनराव बटणांची पाटी खाली ठेवून बाहेर आले. ते म्हणाले, “मॅडम, राग पण आहे यादीत.”

“रागाचं मी लिहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तो सिनेमाचाही परिणाम नाही आणि खुर्चीचाही नाही.”

त्यांनी सगळे तक्ते तपासले. एकेचाळीसमधून गुडघ्याचे बारा काढून ठेवले. उरले एकोणतीस. लागत होते तीस. बुधवारी संध्याकाळपर्यंत तिसावा माणूस मिळाला तर प्रबंध जाईल, नाहीतर पुढच्या वर्षी, असं त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

एका माणसाची ती काय गोष्ट. पण रविवारी खिडकीतून अर्धी कॉलनी बघत होती. सोमवारपासून त्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. कुंदनराव कधी कोणाच्या दारी वर्गणीलाही गेले नव्हते, ते आता घरोघर गेले. कोणाला लग्नाला जायचं होतं, कोणाच्या मणक्यात गॅप होता. गुडघेवाल्या बायका तयार होत्या, पण त्या आधीच बसून गेल्या होत्या. रतिलालभाऊंनी सल्ला दिला की एकाच माणसाला टोपी घालून पुन्हा बसवावं. मेघा खोलीत जाऊन बसली. कुंदनरावांनी पाना काढला आणि धक्क्याची मोटर खुर्चीपासून पार वेगळी केली. मुलीचं काम सोपं करायला निघालो आणि वर्ष घालवून बसलो, हे त्यांना कोणी बोलून दाखवत नव्हतं, त्यामुळे ते स्वतःच स्वतःला बोलत होते.

बुधवारी दुपारी समोरच्या ओट्यावर बसलेले भाईदास आबा त्यांना दिसले. दिसत रोजच होते. पण आबा सिनेमा बघत नसत, कोणाकडे फारसे जातही नसत, म्हणून त्यांना विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आबा एसटीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली बावीस धुळे-पिंपळनेर मार्गावर आणि तीही एकाच कंडक्टरबरोबर. पुना त्यांचं नाव. निवृत्तीनंतरही दर रविवारी पुनाभाऊ आबांच्या ओट्यावर येऊन बसत आणि दोघं फारसं न बोलता दुपार काढत. गेल्या दिवाळीनंतर पुनाभाऊ वारले. कुंदनराव त्या अंत्ययात्रेला गेले होते. आबांनी खांदा दिला, परत येऊन आंघोळ केली आणि ओट्यावर बसले. डोळ्यांत टिपूस नाही. लोक त्यावर बोलले होते.

कुंदनराव समोर जाऊन उभे राहिले. “आबा, मेघाचं एक काम होतं.”

“माले सिनेमामातलं काही समजत नही, सर.”

“समजायचं काही नाही. नुसतं बसायचंय.”

आबांनी जरा विचार केला. “एकतीस साल बठानंच काम करं मी,” असं म्हणून त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि उठले.

पाठलागात आता धक्का नव्हता, नुसता कल होता. आबांनी चेहरा हलवला नाही. एकदा फक्त उजवा पाय जमिनीवर दाबला. निरोपाला झोका दिला, आबा कोरडे. मेघाने वडिलांकडे बघून मान हलवली. तिसावा माणूस मिळाला होता आणि त्याच्यावर कशाचाच परिणाम होत नव्हता. तेही उत्तरच, असं तिला म्हणायचं असावं.

तिसरी फीत लागली. न्हावी पाटलाच्या मिशीला कात्री लावायला निघाला. कुंदनरावांनी थरथर सुरू केली.

आबांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवरून उठले आणि छातीसमोर, एकमेकांपासून दीड-दोन फुटांवर, मोठ्या चाकाला धरावं तसे थांबले. मग डावा हात खाली गुडघ्याजवळ गेला आणि तिथे नसलेल्या दांड्यावर विसावला. पडद्यावर अख्खं गाव हसत होतं. आबांच्या डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून मिशीत उतरत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

फीत संपली. टीव्हीचा पडदा निळा झाला. मेघाने स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघून थांबवायची खूण केली. कुंदनरावांनी बटणावरचं बोट काढलं नाही. सव्वीस वर्षं मशीनची थरथर हाताने ओळखण्यात गेलेल्या माणसाला आत्ता कळलं होतं की ही थरथर कशाची आहे. स्टँडवर गाडी लागलेली आहे, इंजिन चालू आहे, माणसं चढतायत.

“पुना,” आबा समोर बघत हळूच म्हणाले, “घंटी दे.”

मेघा वडिलांकडे बघत राहिली. प्रयोगाच्या नियमांत घंटी नव्हती. कुंदनरावांनी स्वयंपाकाच्या ओट्यावरचा स्टीलचा पेला उचलला आणि स्क्रू-ड्रायव्हरने त्यावर दोनदा वाजवलं. मग थरथर तशीच ठेवून झोक्याचं बटण दाबलं.

गाडी निघाली. कुंदनराव त्या रस्त्याने कितीदा तरी गेले होते. आठवतील तशी वळणं त्यांनी दिली, इथे डावीकडे कल, इथे उजवीकडे. आबांचे हात त्याप्रमाणे फिरत होते, कधी कधी कुंदनरावांच्या बोटाच्या आधीच फिरत होते, तेव्हा कुंदनराव चूक सुधारून घेत. कोकिळाबाईंनी गॅस बंद केला आणि त्या पडद्याशी येऊन उभ्या राहिल्या. साक्रीच्या अलीकडे कुठेतरी आबांनी डावा हात खाली नेला, पाय दाबला आणि म्हणाले, “बस, सर.”

कुंदनरावांनी थरथर बंद केली. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं. त्यांना लाज वाटल्यासारखं दिसत नव्हतं. दमल्यासारखे मात्र दिसत होते, आणि त्यांचं पाठीचं पोक जरा कमी झालं होतं.

मेघा तक्ता घेऊन जवळ बसली. विचारावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी तिने विचारलं, “आबा, सिनेमा बघताना तुम्हाला काय वाटलं? यात आनंद आहे, भीती आहे, दुःख आहे...”

“कोनता सिनेमा?” आबा म्हणाले.

“बरं. मग मी दुःख लिहू?”

“दुख कसानं वं, माय?” आबा म्हणाले. “गाडी टायमावर सुटनी.”

आबा उठले. खुर्चीच्या डावीकडे दारापर्यंत मोकळी जागा होती. उजवीकडे टीपॉय होता, त्यावर चहाचे कप होते. आबा उजवीकडे वळले, ड्रायव्हर ज्या बाजूने उतरतो त्या बाजूला. कुंदनराव पडद्याआडून पुढे आले आणि त्यांनी टीपॉय कपांसकट उचलून बाजूला केला. आबा उतरले आणि आपल्या ओट्यावर गेले.

मेघाने मॅडमना फोन लावला आणि घडलं ते सगळं क्रमाने सांगितलं. घंटीही सांगितली. हा तक्ता रद्द धरावा लागेल, कारण आबांनी तिसरी फीत बघितलीच नाही, असंही तिने स्वतःच सांगितलं.

“खुर्ची हलली ना?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“आणि माणूस हलला.”

“हो, मॅडम.”

“मग तिसावा आहे. घंटीचं परिशिष्टात लिही. आणि नीट लिही, घाई करू नकोस. त्याच्यासाठी दोन दिवस देते.”

प्रबंध गेला, निकाल लागला आणि मेघा जूनमध्ये जळगावच्या त्या शाळेत रुजू झाली. कोकिळाबाईंचे भाऊ यायच्या आत कुंदनरावांनी खुर्चीतल्या मोटरी काढून ती पूर्ववत केली. बसताना ती अजून डावीकडे थोडी कलते, पण आता तिच्यावर कुंदनरावच बसतात, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. प्रबंधाची एक प्रत टीव्हीखालच्या कप्प्यात असते. कुंदनराव पाहुण्यांना आता प्रबंधाचं नाव सांगत नाहीत, थेट आभाराचं पान उघडून पुढे करतात. तिथे मार्गदर्शक, ग्रंथपाल आणि द्रौपदाबाईंसकट सगळ्या सहभागी प्रेक्षकांच्या खाली एक ओळ आहे : ‘आसनाची रचना, निर्मिती व घंटी : श्री. कुंदन नथ्थू बोरसे.’